साबणाचा प्लमर ब्लॉक

दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी तोवर नाशिकच्याच एका कॉलेजात शिकवायला लागले होते. एकदा बाहेरगावाहून एक पाहुणे आले. आम्हा शिक्षकांना दोन दिवस 'डिझाइन थिंकिंग' शिकवणार होते. त्यांनी रंगीत चिठ्ठ्या वाटल्या, स्केचपेनं वाटली, आणि म्हणाले, "विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला शिकवा." चहाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं. म्हटलं, "आणि एखाद्यानं खरंच विचारला प्रश्न, तर त्याच्या शीटवर सही कोण करणार?" ते खळखळून हसले. त्यांना वाटलं, बाई गमतीदार आहेत.

गंमत कसली डोंबलाची! एका सहीपायी माझं अख्खं वर्ष गेलंय. त्याचा पश्चात्ताप मला तेव्हा नव्हता नि आजही नाही. राग मात्र आहे, आणि तो मी नीट घडी घालून जपून ठेवलाय. त्या दिवशी रंगीत चिठ्ठीवर काय लिहायचं ते मला सुचेना, म्हणून मी लिहिलं, 'कपड्याचा साबण, एक बार.' शेजारच्या मॅडम म्हणाल्या, "अहो, ही किराण्याची यादी आहे का?"

तर सांगते.

नव्वदच्या दशकात ज्यांनी इंजिनीअरिंग केलं, त्यांना जीटी काय ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर एक काच आडवी ठेवायची. काचेखाली ट्यूबलाइट. काचेवर सीनियरची सही झालेली शीट, आणि तिच्यावर आपली कोरी शीट. खालच्या रेघा वरच्या कागदातून लख्ख दिसतात. त्यांच्यावरून पेन्सिल फिरवायची की झालं. जे ड्रॉइंग काढायला आठवडा लागावा ते दोन तासांत तयार. डोकं बाहेर चपलांपाशी काढून ठेवलं तरी चालतं. सगळे करायचे. पहिल्या वर्षी मीही केलं. उगाच सोवळेपणा सांगत नाही.

दुसऱ्या वर्षी मशीन ड्रॉइंगला प्लमर ब्लॉक आला. नाव ऐकून घाबरू नका. फिरत्या दांड्याला टेकू देणारं ते बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, एक ठाणं असतं. खाली जड बैठक, वर झाकण, आणि मध्ये दांडा धरायला दोन अर्धगोल पितळी वाट्या, एक खाली, एक वर. दांडा फिरताना खालची वाटी त्याच्याबरोबर फिरू नये म्हणून तिच्या बुडाला एक छोटी खुंटी असते. ती खुंटी बैठकीतल्या भोकात बसते. त्या भोकाला कारखान्यात घर म्हणतात. एवढंच लक्षात ठेवा, खुंटी नि तिचं घर. पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच घडलंय.

साठ जणांच्या वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरी कळवणकडची. पंचवटीत एका बोळात खोली घेऊन राहायची. तिच्या घरमालकिणीला ट्यूबलाइट जाळलेली खपायची नाही, म्हणून जीटीला ती आमच्याकडे सातपूरला यायची. आमच्या शोकेसची काच खास त्यासाठीच निघायची. त्या दुपारी आम्ही दोघी काचेवर वाकलेल्या. खाली मास्टर शीट. ती कुणी काढली ते कुणालाच माहीत नव्हतं. बॅचमागून बॅच ती पुढे जात आलेली, कोपऱ्यावर कुणाच्या तरी चहाच्या कपाचा गोल डाग. तो डाग सोडून आम्ही सगळं गिरवत होतो.

चारच्या सुमाराला अप्पा फर्स्ट शिफ्ट करून आले. अप्पा म्हणजे माझे वडील, सातपूरच्याच एका कारखान्यात फिटर. मूळचे सिन्नरकडचे, त्यामुळे बोलणं शेवटपर्यंत गावचंच राहिलं. इंग्रजी त्यांना जेमतेम यायचं, पण ड्रॉइंग मात्र वर्तमानपत्र वाचावं तसं घडाघडा वाचायचे. त्यांनी डबा मोरीत ठेवला, हात धुतले आणि टॉवेलला हात पुसत काचेवर वाकले.

"ह्ये कुनी काढलं?"

"सीनियरनं, काका," मैत्रीण म्हणाली.

"आन त्याच्या आधी?"

"त्याच्या सीनियरनं."

अप्पा हसायला लागले. असे हसले की आई स्वयंपाकघरातून बघायला आली. मग त्यांनी शीटवर बोट ठेवलं. "अगं, ही खालच्या वाटीची खुंटी हाय ना, ती जानार कुठं? खाली बैठकीत तिला घर कुठंय? ही वाटी बसायचीच नाय. डुगडुगंल नुसती."

मी बघितलं. पुन्हा बघितलं. खुंटी होती. घर नव्हतं. पूर्ण जुळवलेल्या चित्रात ती खुंटी सरळ बिडाच्या पोटात घुसलेली दाखवली होती, जसं काही बीड म्हणजे भिजवलेली कणीक!

"पण काका, सही झालीय ना यावर," मैत्रीण काकुळतीने म्हणाली.

"मंग सहीवर बसंल," अप्पा म्हणाले, आणि चहा मागवून पेपर घेऊन बसले.

त्यांच्यासाठी विषय तिथेच संपला. माझ्यासाठी संपेना. आमचं घर बौद्धाचं. दर रविवारी विहारात जायचं, आणि तिथे लहानपणापासून एकच ऐकलेलं: कुणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, तपासा, पटलं तर घ्या. मी ते सगळं खरं समजून बसले होते. मैत्रिणीने तिची शीट गिरवून पूर्ण केली नि ती शेवटच्या आधीच्या बसने गेली. मी माझी फाडली. तीन दिवस बसून कोऱ्या कागदावर स्वतः काढली, घरासकट.

आमचे ड्रॉइंगचे सर स्वभावाने वाईट नव्हते. आजारी पडलेल्या मुलाला स्वतःच्या स्कूटरवरून घरी सोडायचे. पण शीट तपासायची त्यांची एक पद्धत होती. मास्टर शीटची एक प्रत त्यांच्याकडेही होती. ते खिडकीशी उभे राहायचे, आपली शीट मास्टरवर ठेवायचे आणि उजेडासमोर धरायचे. रेघेवर रेघ बसली की सही. म्हणजे बघा, आम्ही जीटीने काढायचो नि ते जीटीने तपासायचे! मधल्या मध्ये प्लमर ब्लॉक कुणी पाहिलाच नाही.

माझी शीट उजेडासमोर धरली आणि सर थांबले.

"हे गोल काय आहे?"

"घर आहे सर, खुंटीचं."

"मास्टरमध्ये नाहीये."

"मास्टरमध्ये चुकलंय, सर."

सरांनी चष्मा खाली केला. "दहा-बारा बॅचेस या शीटवर पास झाल्या. सगळे चुकले आणि तू बरोबर?"

"सर, मग ही खुंटी कुठे जाते ते दाखवा ना."

"खुंटी जिथे जायची तिथे जाते," सर म्हणाले, आणि मागची मुलं फिदीफिदी हसली. सरांनी लाल पेन काढलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत फुली मारली, आणि वर ऐकवलं, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

घरी आले ती धुमसतच. आईचा कपड्याचा साबण मोरीवर होता, पिवळा लांब बार. अप्पांच्या पेटीतून हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घेतला आणि साबण कापायला बसले. मास्टर शीटमध्ये जे होतं तेच, जसंच्या तसं, मापाने. बैठक, झाकण, दोन वाट्या, खालच्या वाटीला खुंटी. दांडा म्हणून आईचं लाटणं. आई म्हणाली, "माझे कपडे काय तुझे सर धुणार का?" पण बार तिनेच दुसरा काढून दिला, कारण पहिला मी चुकीचा कापला होता. वाटी बैठकीत ठेवली, वर लाटणं ठेवलं. तीन पायांचं स्टूल हलतं तसं सगळं हलायला लागलं. मी आनंदाने ओरडले. आज सांगितलं तर माझे विद्यार्थी हसतील, पण एखादी गोष्ट चुकीची आहे हे स्वतःच्या हाताखाली कळण्यात जो आनंद आहे, तो मला पुढे कुठल्याच डिग्रीत मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी ते सगळं डब्यात घालून कॉलेजात नेलं आणि सरांच्या टेबलावर मांडलं. सरांनी बोटाने वाटी दाबली. वाटी डुगडुगली. त्यांनी पुन्हा दाबली, जरा जोरात. खुंटी साबणावर टेकून वाटी तिरकी झाली. मी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं होतं. शपथेवर सांगते, त्यांना कळलं होतं! क्षणभर वाटलं, आता हसतील नि म्हणतील, अरेच्चा, खरंच की. मग त्यांची नजर माझ्या मागे गेली, जिथे अख्खा वर्ग माना उंच करून बघत होता. आणि ते म्हणाले, "हा कपडे धुवायला वापर. इथे इंजिनीअरिंग शिकवतात. उद्या वडिलांना घेऊन ये."

मला वाटलं, फारच छान. येऊ देत अप्पांना. त्यांच्यासमोर कसले टिकतायत हे!

अप्पा शिफ्ट संपवून, घरी जाऊन, पांढरा शर्ट घालून आले. आम्हाला विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये बोलावलं. ड्रॉइंगचे सर बाजूला उभे, टेबलावर माझी फुलीवाली शीट. विभागप्रमुखांनी अप्पांना बसा म्हटलं नाही. म्हणाले, "शीटवर सही नसली तर सबमिशन अपुरं. सबमिशन अपुरं तर टर्म ग्रँट होत नाही. टर्म नाही तर परीक्षा नाही. मुलीचं वर्ष जाईल. फ्रीशिपवर शिकतात ही मुलं, थोडी जाणीव ठेवायला शिकवा."

अप्पांनी शीटकडे पाहिलं. ते वाचत होते, मला दिसत होतं. त्यांची नजर बरोबर त्या गोलावर जाऊन थांबली. मी मनात म्हटलं, आता बोला अप्पा, बोला. आणि अप्पांनी हात जोडले.

"लेकराची चूक झाली साहेब. लहान हाय. मास्टरपरमानं काढून आनंल ती."

माझे कान तापले. मी आयुष्यात अप्पांना कुणापुढे वाकलेलं पाहिलं नव्हतं. सातपूरच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसलो, पण मी खिडकीबाहेर बघत होते. घरात पाऊल टाकलं आणि माझा तोल गेला.

"तुम्हीच दाखवलंत ना ते? तुम्हीच हसलात ना पोट धरून? आणि तिथे जाऊन चूक झाली म्हणालात?"

"पान्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं, बाई," अप्पा शर्ट काढून खुंटीला लावत म्हणाले.

"पण ते चूक आहे!"

"हाय ना. कोन नाय म्हनतो?" ते खाली बसले. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी त्याआधी कधी सांगितलं नव्हतं. "आमच्याकडं एक गिअरबॉक्सचं झाकन हाय. पाच बोल्ट. ड्रॉइंगमधी पाचवं भोक दोन सूत सरकल्यालं हाय. तसं पाडलं तर झाकन बसत नाय. मंग आमी काय करतो? चार भोकं ड्रॉइंगवरनं पाडतो. पाचव्यासाठी झाकन बॉडीवर ठिवायचं, खून करायची, आन गपचूप पाडायचं. बसतं की नीट."

"कधीपासून?"

"झाली की अकरा वर्सं."

"अकरा वर्षं! आणि वर कुणाला सांगितलं नाही?"

"कुनाला सांगू? त्यावर साहेबाची सही हाय. ड्रॉइंगवर लाल पेन फकस्त साहेबानं चालवायचं. फिटरनं साहेबाची सही खोटी म्हनायची का? आमचं काम मशीन उभं करायचं. उभं राहतं. कशाला लफडं?"

"आणि नवीन फिटर आला की?"

"त्याला पयल्याच दिवशी सांगतो. पाचव्या भोकाला ड्रॉइंग बघू नको म्हनून."

मी म्हटलं, "म्हणजे अप्पा, तुम्हीपण जीटीच मारता. अकरा वर्षं."

आई आतून ओरडली, "जीभ आवर गं!" अप्पा ताट पुढे आलं तसं जेवले, हात धुतले, आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले. मी ते बोलायला नको होतं असं आजही मला वाटत नाही. पण त्यांचा तो चेहरा मी अजून विसरलेले नाही, हेही खरं.

सबमिशनच्या दिवशी सर म्हणाले, "नवीन शीट कुठंय?"

मी फुलीवाली पुढे केली. "हीच आहे, सर."

"वडील कबूल करून गेलेत."

"वडिलांनी कबूल केलं. शीट माझी आहे."

"वर्ष जाईल, कळतंय का?"

"जाऊ दे, सर." मी टेबलाची कड घट्ट धरली होती. सरांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढचा रोल नंबर पुकारला.

चार दिवसांनी नोटिस बोर्डावर यादी लागली. टर्म न मिळालेल्यांत आमच्या वर्गातून एकच नंबर, माझा. मी मुलींच्या खोलीत जाऊन रडले. भरपूर रडले. बंड करणारी माणसं रडत नाहीत असं कुणी सांगितलं तर ते खोटं आहे. रडतात, तोंड धुतात नि बस पकडतात.

कॉलनीत जो तो सल्ला देऊन गेला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय." फ्रीशिप बंद झाली, आता फी भरायची होती. अप्पांनी ओव्हरटाइम घ्यायला सुरुवात केली, आणि का घेतला ते घरात एका शब्दाने बोलले नाहीत. आमच्या दोघांत जेवायला ये, दार लाव, एवढंच बोलणं उरलं. एकदा त्यांनी फटकारलं असतं तर बरं झालं असतं.

मैत्रीण एकदा भेटायला आली, सही झालेली शीट गुंडाळी करून घेऊन. म्हणाली, "तुला एक दाखवायचंय. रागवू नको." शीट उलटी करून तिने उजेडाकडे धरली. बैठकीच्या मधोमध कंपासच्या टोकाचं छिद्र. बारीक, सुईएवढं. तुमच्या लक्षात आलं ना? जिथे कंपास टोचलाय तिथे कधीतरी गोल काढलेला असतो.

"तुझ्याकडून गेले ना, तर त्याच दिवशी काढलं व्हतं मी," ती म्हणाली. "लय वेळ बघत बसले. मग खोडलं. सही पाहिजे ना गं. आमच्याकडं परत वर्ष काढू देणार नाय कोणी."

मी तिच्यावर रागावले का? रागावले. आठ दिवस. मग राग वेगळीकडे वळला. साठ शीटांत अशी किती छिद्रं असतील, असं मनात यायला लागलं.

त्या रिकाम्या वर्षात मी सातपूरलाच एका छोट्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग काढायला जायचे. मालक मोडलेला पार्ट हातात द्यायचे, मी मापं घेऊन कागदावर उतरवायचे. एकदा मालक म्हणाले, पत्रा दाबायच्या प्रेसच्या गार्डचं, म्हणजे हात आत जाऊ नये म्हणून लावतात त्या आडोशाचं, ड्रॉइंग कर, नवा जाड गार्ड बनवू, बाया जुना काढून ठेवतात, एखादीचं बोट जायचं. मी कागद घेऊन बसण्याआधी प्रेसवरच्या मावशींना विचारलं, "काढता का हो?" त्या म्हणाल्या, "अगं, त्याच्यातून पत्रा दिसत नाही. न दिसता हात घालू का मी?" कितीही जाड केला असता तरी तो त्यांनी काढूनच ठेवला असता. आम्ही जाळीचा बनवला. तो राहिला. ते पाहुणे दोन दिवस चिठ्ठ्या चिकटवून जे सांगत होते, ते मावशींनी मला एका वाक्यात, तेही तंबाखू मळता मळता सांगितलं होतं.

वर्ष सरलं. मी पुन्हा त्याच वर्गात, त्याच बाकावर, ज्युनियर मुलांमध्ये. तेच सर. आणि एका सकाळी फळ्यावर तोच प्लमर ब्लॉक. सरांनी बैठक काढली. झाकण काढलं. वाट्या काढल्या, खुंटी काढली. मग किंचित थांबले, आणि बैठकीच्या मधोमध एक छोटा गोल काढला. एक शब्द नाही. त्याच्याकडे बोट दाखवलं नाही की नाव घेतलं नाही. गोल काढला आणि पुढच्या मापाकडे वळले.

मला एकदम आमच्या घरातलं ते भांडण आठवलं. गपचूप पाडायचं. बसतं की नीट. मी उठून उभी राहिले.

"सर, हे भोक मागच्या वर्षी नव्हतं."

सर वळले नाहीत. "खाली बस."

"सर, हे भोक मागच्या वर्षी नव्हतं."

आता वळले. हातात खडू. "होतं की नव्हतं, काय फरक पडतो? आता आहे ना?"

"माझं वर्ष गेलं, सर."

ज्युनियर मुलांना काही पत्ताच नव्हता. सगळी एकदा माझ्याकडे, एकदा सरांकडे बघत होती. मी नळकांड्यातून जुनी शीट काढली. ती मी रोज घेऊन यायचे, म्हणा वेडी. पुढे गेले, टेबलावर पसरली. कडा वर वळत होत्या, म्हणून एका बाजूला डस्टर ठेवलं, दुसऱ्या बाजूला खडूची पेटी. लाल फुली या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"मी नवीन काढणार नाही, सर. हीच तपासा. फळ्याशी ताडून बघा."

सरांनी घाम पुसला. एकदा फळ्याकडे पाहिलं, एकदा शीटकडे. त्यांनी मला हाकलून द्यायला हवं होतं खरं तर, आणि दिलं असतं तर मी जिन्यात बसून पुन्हा रडले असते. त्यांनी खिशातून पेन काढलं. अगदी हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं विचारलं, "तारीख कुठली टाकू?"

"खरी टाका, सर. आजची."

त्यांनी फुलीच्या खाली सही केली आणि त्या दिवशीची तारीख टाकली. माफी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. फक्त बाकावर परत जाताना सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात ज्युनियर मुलांना म्हटलं, "त्या गोलाला घर म्हणतात. खुंटी त्यात बसते. मास्टर शीटमध्ये ते नाहीये."

संध्याकाळी घरी शीट फरशीवर पसरून ठेवली. अप्पा आले, हात धुतले, टॉवेलला हात पुसत वाकले. लाल फुली वाचली. खालची सही वाचली. तारीख वाचली. मग उकिडवे बसून त्यांनी त्या गोलावरून अंगठा फिरवला, पीसच्या कडेची खरखर, म्हणजे बर, बघतात तसा. नंतर जेवले नि झोपले.

दुसऱ्या दिवशी ते अर्धा तास उशिरा घरी आले. आई दारातच उभी होती. डबा तिच्या हातात देऊन ते माझ्यासमोर बसले. वर्षभरात पहिल्यांदा असे समोर बसले.

म्हणाले, "आज त्या झाकनाचं पाचवं भोक मी ड्रॉइंगमधी हाय तितंच पाडलं. बारा वर्सांत पयल्यांदा."

"मग?"

"बसतंय व्हय! मंग झाकन काखेत मारलं, ड्रॉइंग घेतलं, आन साहेबाच्या हापिसाचा जिना चढलो."

एक पीस वाया घालवला की मेमो मिळतो, हे मला माहीत होतं. त्या जिन्याने फिटर वर जात नसत, हेही माहीत होतं. "साहेब काय म्हणाले?"

"म्हनाले, इतकी वर्सं कुनी बोललं का नाय?"

"मग तुम्ही काय म्हणालात, अप्पा?"

अप्पांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "म्हटलं, आता बोलतोय ना साहेब. घ्या लाल पेन."